महाराष्ट्रातील सागरी कासव संशोधन आणि संवर्धन

महाराष्ट्रातील सागरी कासव संशोधन आणि संवर्धन या विषयात कोकण किनाऱ्यावर अंडी घालण्यास येणाऱ्या व लगतच्या अरबी समुद्रात वावरणाऱ्या सागरी कासवांचा शास्त्रीय अभ्यास आणि त्यांचे रक्षण या दोन्ही कामांचा समावेश होतो. राज्यातील संघटित संवर्धनाची सुरुवात इ.स. २००२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी झाली. पहिली दोन दशके कामाचा भर किनाऱ्यावरील अंडी वाचवण्यावर होता. इ.स. २०२२ पासून उपग्रहाद्वारे कासवांचा माग घेतला जाऊ लागला आणि किनारा सोडल्यानंतर ही कासवे कोठे जातात, या प्रश्नाच्या अभ्यासाला प्रत्यक्ष नोंदींचा आधार मिळाला. या कामात वन विभाग, कांदळवन प्रतिष्ठान, भारतीय वन्यजीव संस्था, सह्याद्री निसर्ग मित्र ही चिपळूणची संस्था आणि किनारी गावांतील 'कासवमित्र' यांचा सहभाग आहे.

पार्श्वभूमी

भारताच्या सागरी हद्दीत सागरी कासवांच्या पाच प्रजाती आढळतात: ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल, लेदरबॅक आणि लॉगरहेड. महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटर लांबीचा किनारा असून येथे नियमितपणे अंडी घालणारी प्रमुख प्रजाती ऑलिव्ह रिडले (शास्त्रीय नाव: लेपिडोचेलिस ऑलिव्हेसिया) ही आहे. इतर प्रजातींची कासवे येथे बहुधा जाळ्यात अडकलेली किंवा जखमी होऊन किनाऱ्याला लागलेली आढळतात.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ऑलिव्ह रिडले 'असुरक्षित' या वर्गात, तर हॉक्सबिल 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात मोडते. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीनुसार सागरी कासवांना सर्वोच्च संरक्षण आहे. त्यांना पकडणे, मारणे, त्यांची अंडी गोळा करणे अथवा विकणे हा गुन्हा आहे.

ओडिशातील गहिरमाथा व ऋषिकुल्या येथे हजारो माद्या एकाच वेळी अंडी घालतात. या सामूहिक विणीला 'अरिबाडा' म्हणतात. महाराष्ट्रात अशी सामूहिक वीण होत नाही. येथे माद्या एकेकट्या, वेगवेगळ्या रात्री, लहानमोठ्या पुळणींवर येतात. त्यामुळे कोकणातील घरटी दीर्घकाळ शास्त्रज्ञांच्या नजरेआड राहिली आणि त्यांच्या रक्षणासाठी एखादे अभयारण्य घोषित करणे पुरेसे ठरत नाही. त्यासाठी गावोगावी माणसांची गरज भासते.

जीवनक्रम

ऑलिव्ह रिडले ही आकाराने लहान असलेल्या सागरी कासवांपैकी एक आहे. तिच्या पाठीच्या कवचाची लांबी साधारण ६० ते ७० सेंटिमीटर असते. कोकणात विणीचा हंगाम साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च असतो. मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, मागच्या वल्ह्यांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात साधारण शंभर ते सव्वाशे अंडी घालते, वाळू सारून व दाबून खड्डा बुजवते आणि तासाभरात समुद्रात परतते. त्यानंतर ती अंड्यांकडे फिरकत नाही. अंडी उन्हाने तापलेल्या वाळूच्या उबेवर वाढतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात.

पिल्लाचे लिंग गुणसूत्रांवर ठरत नसून अंडी उबत असतानाच्या मधल्या काळातील वाळूच्या तापमानावर ठरते. तापमान सुमारे २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यास नर व माद्या दोन्ही निपजतात. त्याहून वाळू गार असल्यास नरांचे, तर उष्ण असल्यास माद्यांचे प्रमाण वाढते. त्यामुळे हवामानबदलाचा या प्राण्यांवरील परिणाम अंड्यांच्या नाशापुरता मर्यादित नसून नर-मादी प्रमाण बिघडण्याचीही शक्यता त्यात असते.

बाहेर पडलेली पिल्ले क्षितिजावरील उजेडाच्या दिशेने धावतात. नैसर्गिक किनाऱ्यावर हा उजेड समुद्राच्या बाजूला असतो. किनाऱ्यालगत दिवे असतील तर पिल्ले उलट दिशेला वळतात. हजारातील एखादेच पिल्लू प्रौढ होते, असा ढोबळ अंदाज मांडला जातो. वयात येण्यास साधारण दहा ते अठरा वर्षे लागतात. प्रौढ माद्या आपण जन्मलेल्या परिसरातील किनाऱ्याकडे अंडी घालण्यासाठी परततात, असे मानले जाते आणि या प्रवासात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा दिशादर्शक म्हणून उपयोग होत असल्याचे पुरावे सागरी कासवांवरील प्रयोगांतून मिळाले आहेत.

इतिहास

सुरुवातीची सर्वेक्षणे

भारतातील सागरी कासवांच्या पद्धतशीर अभ्यासाला इ.स. १९७० च्या दशकात गती मिळाली. इ.स. १९७४ मध्ये एच. आर. बस्टर्ड यांनी गहिरमाथ्याच्या सामूहिक विणीकडे शास्त्रीय जगाचे लक्ष वेधले. याच दशकात मद्रास येथून काम करणारे सतीश भास्कर यांनी देशाचा किनारा व बेटे पायी हिंडून कासवांच्या विणीच्या जागा नोंदवण्यास सुरुवात केली. पुढील दोन दशकांत त्यांनी चार हजार किलोमीटरहून अधिक किनारा पालथा घातला. भारतातील कासवांच्या विणीच्या नकाशाचा मोठा भाग त्यांच्या नोंदींवर उभा आहे.

महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावरील कासवांच्या स्थितीचा आढावा वरद गिरी व नवीन चतुर्वेदी यांनी घेतला. येथील वीण विखुरलेली असून अंडी मोठ्या प्रमाणावर गोळा केली जातात, असे चित्र त्या काळात समोर आले. शेजारच्या गोव्यात मोरजी, आगोंद व गालजीबाग या किनाऱ्यांवर वन विभागाने इ.स. १९९० च्या दशकात रक्षणाचे काम हाती घेतले होते.

वेळास येथील प्रारंभ

वेळास हे मंडणगड तालुक्यातील, बाणकोट खाडीजवळचे लहान गाव. नाना फडणवीस यांचे मूळ गाव म्हणून ते ओळखले जाते. इ.स. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी इ.स. २००२ मध्ये किनाऱ्यावरील पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाच्या घरट्यांची पाहणी करत होते. त्या वेळी त्यांना वेळासच्या पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. चौकशी केली असता दरवर्षी कासवे येतात आणि त्यांची अंडी गावकरी खाण्यासाठी व विक्रीसाठी काढून नेतात, असे समजले.

संस्थेने वन विभाग व ग्रामस्थांच्या सहकार्याने त्याच हंगामात संरक्षण सुरू केले. पूर्वी अंडी शोधण्यात तरबेज असलेल्या स्थानिकांचे ज्ञान या कामी उपयोगी पडले. मादीच्या वल्ह्यांनी वाळूत उमटलेला माग ओळखणे, काठीने चाचपून घरट्याची नेमकी जागा हेरणे ही कौशल्ये पुस्तकातून शिकता येणारी नव्हती. ज्या कौशल्याने घरटी लुटली जात होती, त्याच कौशल्याने ती वाचवली जाऊ लागली.

काही वर्षांनी वेळास येथे 'कासव महोत्सव' सुरू झाला. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांची राहण्याजेवणाची सोय गावातील घरांतच केली जाते. त्यामुळे अंडी विकून मिळणाऱ्या किरकोळ उत्पन्नाच्या जागी कासव जिवंत राहण्याशी जोडलेले उत्पन्न गावाला मिळू लागले.

विस्तार

वेळासनंतर हे काम रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांत पसरले. रायगडमधील हरिहरेश्वर व दिवेआगर, रत्नागिरीतील केळशी, आंजर्ले, गुहागर व गावखडी, तसेच सिंधुदुर्गातील तांबळडेग, वायंगणी व शिरोडा हे किनारे त्यांपैकी प्रमुख होत. राज्य शासनाने इ.स. २०१२ मध्ये वन विभागांतर्गत कांदळवन कक्ष स्थापन केला आणि पुढे कांदळवन प्रतिष्ठान अस्तित्वात आले. कांदळवनांच्या रक्षणाबरोबर सागरी जैवविविधतेचे कामही या यंत्रणेकडे आल्यामुळे कासवमित्रांना मानधन, प्रशिक्षण व साहित्य पुरवणे शक्य झाले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने इ.स. २०२१ मध्ये राष्ट्रीय सागरी कासव कृती आराखडा प्रसिद्ध केला.

घरट्यांच्या संरक्षणाची पद्धत

हंगामात कासवमित्र रात्री व पहाटे किनाऱ्यावर गस्त घालतात. घरटे सापडल्यावर ते जागेवरच ठेवायचे की हलवायचे, हा पहिला निर्णय असतो. घरटे मूळ जागी राहू देणे हे शास्त्रीयदृष्ट्या श्रेयस्कर मानले जाते, कारण तेथील तापमान व ओलावा नैसर्गिक असतो. मात्र भरतीचे पाणी पोहोचण्याचा धोका, भटकी कुत्री, कोल्हे, माणसांची वर्दळ किंवा चोरीची शक्यता असल्यास अंडी कुंपण घातलेल्या उबवणी केंद्रात हलवली जातात. या केंद्राला सर्रास 'हॅचरी' म्हटले जाते.

अंडी हलवण्याचे काम लवकरात लवकर करावे लागते. घातल्यानंतर काही तासांत गर्भ अंड्याच्या आतील आवरणाला चिकटतो आणि त्यानंतर अंडे फिरल्यास वा हिंदकळल्यास गर्भ दगावू शकतो. म्हणून अंडी न फिरवता उचलून, मूळ खड्ड्याच्याच खोलीच्या व आकाराच्या खड्ड्यात ठेवली जातात आणि घरट्यातील ओली वाळू त्यांवर घातली जाते. प्रत्येक घरट्यापाशी अंडी सापडल्याची तारीख, ठिकाण व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावतात. पिल्ले निघण्याचा सुमार झाला की त्यावर टोपली पालथी घालून ठरावीक वेळाने तपासणी केली जाते. बाहेर आलेली पिल्ले वाळूवर सोडली जातात व ती स्वतःच्या पायांनी समुद्रात जातात. शेवटी घरटे उकरून फुटलेली, न उबलेली व खराब झालेली अंडी मोजली जातात. या मोजणीतून उबवण्याच्या यशाचे प्रमाण काढता येते.

पिल्ले सोडण्याची वेळ हा शास्त्रज्ञांच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत पिल्लांमध्ये वेगाने पोहून खोल पाण्यात जाण्याची तीव्र प्रेरणा असते आणि त्यासाठीची ऊर्जा त्यांच्या शरीरात शिल्लक राहिलेल्या बलकातून मिळते. पर्यटकांच्या सोयीसाठी पिल्ले अडवून ठेवल्यास ही ऊर्जा किनाऱ्यावरच खर्च होते. पिल्लांना हात न लावणे, त्यांच्या वाटेवर उभे न राहणे आणि त्यांच्यावर प्रकाशझोत न टाकणे हे नियमही याच कारणासाठी आहेत.

संशोधन

धातूचे बिल्ले

कासवाच्या पुढच्या वल्ह्याला क्रमांक कोरलेला धातूचा लहान बिल्ला लावणे ही ओळख पटवण्याची जुनी व स्वस्त पद्धत आहे. बिल्ला लावलेले कासव पुन्हा कोणाला दिसले व क्रमांक कळवला गेला, तरच माहिती मिळते. त्यामुळे या पद्धतीतून प्रवासाची दोन टोके समजतात, मधला मार्ग समजत नाही.

उपग्रह टॅगिंग

मार्ग जाणून घेण्यासाठी कवचावर विशिष्ट चिकट द्रव्याने लहान प्रक्षेपक यंत्र बसवले जाते. कासव श्वास घेण्यासाठी पृष्ठभागावर आले की यंत्राची तार पाण्याबाहेर येते व उपग्रहाकडे संकेत जातो. पाण्याखाली संकेत पोहोचत नसल्याने यंत्र तेवढा वेळ बंद राहून विजेची बचत करते. काही महिन्यांनी यंत्राची विद्युत्‌घटमाला संपते किंवा ते गळून पडते. त्यामुळे संकेत थांबणे याचा अर्थ कासव मेले असाच होत नाही.

ओडिशात इ.स. २००१ पासून हे तंत्र वापरले गेले होते. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर विणणाऱ्या ऑलिव्ह रिडलेवर ते प्रथम जानेवारी २०२२ मध्ये वापरण्यात आले. भारतीय वन्यजीव संस्थेचे आर. सुरेश कुमार यांच्या नेतृत्वाखाली आणि कांदळवन प्रतिष्ठानाच्या सहकार्याने वेळास येथील मादीला पहिले यंत्र बसवण्यात आले व तिचे नाव 'प्रथमा' ठेवले गेले. त्यानंतर आंजर्ले येथे 'सावनी' आणि गुहागर येथे 'वनश्री', 'रेवा' व 'लक्ष्मी' या माद्यांना यंत्रे बसवली गेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागर येथे 'बागेश्री' व 'गुहा' या दोघींची भर पडली.

एकाच किनाऱ्यावर अंडी घातलेल्या माद्या एकाच दिशेने जात नाहीत, ही बाब या नोंदींतून पुढे आली. प्रथमा उत्तरेकडे गुजरातच्या समुद्राकडे गेली. गुहा दक्षिणेकडे लक्षद्वीपच्या परिसरात पोहोचली. बागेश्रीने भारताचे दक्षिण टोक व श्रीलंका ओलांडून जुलै २०२३ मध्ये बंगालचा उपसागर गाठला.

ओडिशाहून गुहागर

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या एका मादीच्या वल्ह्यावर '०३२३३' या क्रमांकाचा बिल्ला आढळला. हा बिल्ला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे शास्त्रज्ञ बासुदेव त्रिपाठी यांच्या प्रकल्पात मार्च २०२१ मध्ये ओडिशातील गहिरमाथा येथे लावण्यात आला होता. या दोन ठिकाणांमधील सागरी अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर मानले जाते. बागेश्रीने पश्चिमेकडून पूर्वेकडे केलेल्या प्रवासाला पूर्वेकडून पश्चिमेकडे आलेल्या या मादीची जोड मिळाली.

पूर्व व पश्चिम किनाऱ्यांवर विणणारी कासवे एकमेकांपासून अलग आहेत, असे सामान्यतः गृहीत धरले जात असे. एकाच मादीने दोन्ही किनाऱ्यांवर वावर केल्याचे आढळल्यामुळे या गृहीतकाचा फेरविचार आवश्यक ठरला. ते सिद्ध होण्यासाठी अधिक बिल्ले, अधिक उपग्रह नोंदी व जनुकीय तुलना लागेल. तथापि कोकणातील घरटे आणि ओडिशाच्या समुद्रातील मासेमारी हे एकाच संवर्धनाचे दोन भाग असू शकतात, हे त्यातून सूचित होते. ही नोंद होण्यासाठी पूर्व किनाऱ्यावर बिल्ला लावणारा शास्त्रज्ञ जितका आवश्यक होता, तितकीच चार वर्षांनंतर पश्चिम किनाऱ्यावर रात्री गस्त घालणारी माणसेही आवश्यक होती.

जनुकीय अभ्यास

कार्तिक शंकर व सहकाऱ्यांनी इ.स. २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतीय किनाऱ्यावरील ऑलिव्ह रिडले कासवांमध्ये जगातील इतर समुद्रांत न आढळणारा प्राचीन जनुकीय वंश असल्याचे दाखवून दिले. हिंदी महासागरातील कासवांपासून इतर महासागरांत या प्रजातीचा पुन्हा प्रसार झाला असावा, असे त्यातून सुचवले गेले. या निष्कर्षामुळे भारतातील कासवांच्या रक्षणाला संपूर्ण प्रजातीच्या दृष्टीने महत्त्व प्राप्त होते.

समुद्रातील धोके

प्रौढ कासवांना सर्वांत मोठा धोका मासेमारीच्या जाळ्यांत नकळत अडकण्याचा आहे. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात ते दीर्घकाळ पाण्याखाली राहिल्यास गुदमरून मरते. टाकून दिलेली वा हरवलेली जाळी समुद्रात तरंगत राहून कासवांची वल्ही जायबंदी करतात. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे अशी जखमी व थकलेली कासवे किनाऱ्याला लागण्याचे प्रमाण वाढते. पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे त्यांच्यावर उपचार करणारे केंद्र आहे.

अनेक वर्षांत वाचवलेल्या पिल्लांपैकी मोजकीच प्रौढ होत असल्याने एका प्रौढ मादीचा मृत्यू अनेक घरट्यांच्या रक्षणावर पाणी फिरवू शकतो. जाळ्यात अडकलेले कासव सोडवण्यासाठी मात्र जाळे कापावे लागते आणि त्याचा भुर्दंड मच्छीमाराला बसतो. हे लक्षात घेऊन महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षित सागरी जीव सोडवताना झालेल्या जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी जीव सोडल्याचे छायाचित्र वा चित्रफीत सादर करावी लागते. या चित्रणातून कोणत्या प्रजाती, कोणत्या महिन्यांत व कोणत्या जाळ्यांत सापडतात, याची शास्त्रीय उपयोगाची माहितीही जमा होते.

ट्रॉल जाळ्यात बसवायचे 'टर्टल एक्स्क्लूडर डिव्हाइस' (टेड) हा दुसरा उपाय आहे. यात जाळ्याच्या नळीत तिरपी जाळी बसवलेली असते. कोळंबी व लहान मासे गजांतून मागे जातात, तर कासव गजांना अडून वरच्या वा खालच्या फटीतून बाहेर पडते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय परिस्थितीला अनुरूप असे साधन विकसित केले आहे. काही मासळी निसटण्याच्या शक्यतेमुळे मच्छीमारांकडून त्याला विरोध झाला आहे. याच कारणावरून अमेरिकेने समुद्रातून पकडलेल्या कोळंबीच्या आयातीवर निर्बंध घातले असून इ.स. १९९० च्या दशकात हा वाद जागतिक व्यापार संघटनेपर्यंत गेला होता.

मूल्यमापन आणि मर्यादा

किनाऱ्यावर सापडणाऱ्या घरट्यांची संख्या वाढणे हे यशाचे सर्वांत सहज दिसणारे माप आहे, परंतु त्याचा अर्थ जपून लावावा लागतो. गस्त घालणाऱ्यांची व संरक्षित किनाऱ्यांची संख्या वाढली की पूर्वीही असलेली, पण न नोंदलेली घरटी नोंदली जातात. तसेच एक मादी एका हंगामात एकाहून अधिक वेळा अंडी घालू शकत असल्याने घरट्यांची संख्या म्हणजे माद्यांची संख्या नव्हे.

दुसरी मर्यादा काळाची आहे. इ.स. २००२–०३ च्या हंगामात समुद्रात सोडलेली पिल्ले वयात येण्यास दशकाहून अधिक काळ लागला असणार. त्यामुळे आज येणाऱ्या माद्यांमध्ये त्यांपैकी काही असणे शक्य आहे. मात्र पिल्लांना कायमस्वरूपी बिल्ला लावता येत नसल्याने हे थेट सिद्ध करणे कठीण आहे.

तिसरी मर्यादा किनाऱ्याच्या बदलत्या स्वरूपाची आहे. किनाऱ्याची धूप, संरक्षक भिंती, वाळू उपसा, पर्यटनासाठीची बांधकामे व प्रकाशयोजना यांमुळे विणीयोग्य पुळणी आक्रसतात. जून २०२० मधील 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड व उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्याचे मोठे नुकसान केले. उबवणी केंद्रांतील वाळूचे तापमान नियमित मोजणे व गरजेनुसार सावली करणे यांचे महत्त्व वाढत्या उष्णतेमुळे अधिक झाले आहे.

समाज आणि संस्कृती

महाराष्ट्रातील अनेक मंदिरांच्या सभामंडपात देवतेसमोर दगडी कासव कोरलेले आढळते आणि कूर्म हा विष्णूचा अवतार मानला जातो. असे असूनही किनाऱ्यावर अंडी खाण्याची प्रथा होती. संवर्धनकर्त्यांनी प्रबोधन करताना श्रद्धा व उपजीविका या दोन्हींचा आधार घेतला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित 'कासव' या मराठी चित्रपटाला ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. कोकणातील कासव संवर्धन ही त्याच्या कथेची पार्श्वभूमी आहे.

हेही पहा

वेळास
ऑलिव्ह रिडले
गहिरमाथा सागरी अभयारण्य
भारतीय वन्यजीव संस्था
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२